मृगात नको, गणपतीत पेरा

प्रश्न : आम्ही दोघं कोथरूडला राहतो. मुलगी-जावई दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत एडिसनजवळ स्वतःच्या घरात राहायला गेले. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही तिकडे पोचलो तेव्हा घरापुढची हिरवळ उजाड झालेली होती. जावयांनी दुकानातून ‘तण जाईल, खतही मिळेल’ असं एक पोतं आणून सगळीकडे टाकलं. मेच्या पहिल्या आठवड्यात मी बाराशे चौरस फूट जमीन वरवर खुरपून बी फेकलं आणि रोज संध्याकाळी पाणी दिलं. तीन आठवड्यांनी फक्त कुंपणालगतच्या दोन हात पट्टीत दाट गवत आलं. बाकीच्या जागेत तुरळक कोंब. ती पट्टीही मी आपल्याकडच्यासारखी इंचभर ठेवून कापत होतो. जुलैअखेरीस तिच्यावर ताटाएवढे तपकिरी गोल उठले आणि ऑगस्टमध्ये ती गेली. लेक काही बोलली नाही, पण येताजाता शेजारच्या हिरवळीकडे तिची नजर जायची. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतोय. मृगाची पेरणी गाठली तर जमेल ना? बी कोणतं घ्यावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जूनमध्ये पेरू नका. तिकीट काढलं असेल तर खुशाल जा, पण बियाण्याची पिशवी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उघडू नका. का ते सविस्तर सांगते, कारण तुमची गेल्या वर्षीची मेहनत हिशेबात एकाच जागी चुकली आहे आणि ती चूक पुण्याहून गेलेल्या प्रत्येकाच्या हातून होते. माझ्याही झाली होती.

आधी ती कुंपणालगतची पट्टी. जावयांना एवढंच विचारा, की पोतं कुंपणापर्यंत पुरलं होतं का? माझी खात्री आहे, पुरलं नसणार. एप्रिलमध्ये तिकडच्या दुकानांत दाराशीच रचून ठेवलेली बहुतेक पोती क्रॅबग्रास नावाच्या तणासाठी असतात. त्यातलं औषध उगवलेलं तण मारत नाही, ते मातीच्या वरच्या थरात बसतं आणि बी रुजायला लागलं की कोंबच वर येऊ देत नाही. क्रॅबग्रासही गवत आणि तुमचं बीही गवत, औषधाला दोन्ही सारखीच. दोन ते चार महिने त्याचा अंमल राहतो. तुम्ही खुरपलंत म्हणून थर कुठेकुठे मोडला आणि तुरळक कोंब आले. जिथे औषध पडलंच नाही, तिथे तुमचं बी भरभरून आलं. बी चांगलं होतं आणि हातही चांगला होता.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे लॉन म्हणजे हरळीच्या निवडक जाती, नाहीतर ज्याला नर्सरीवाले मेक्सिकन किंवा कोरियन म्हणतात ते गवत. ही सगळी उन्हाळी गवतं. २७ ते ३५ अंशांत ती जोमाने वाढतात, डिसेंबर-जानेवारीत थबकतात आणि मृगाचा पाऊस पडला की चार दिवसांत रूप बदलतात. एरंडवण्यात घरामागे माझं सहाशे चौरस फुटांचं लॉन आहे, तेही मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच लावलं होतं. न्यू जर्सीत घरोघरी असतात ती टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास, रायग्रास ही थंडीची गवतं. त्यांना १५ ते २४ अंश मानवतात. वसंतात ती वाढतात, जुलै-ऑगस्टमध्ये जीव मुठीत धरून असतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा उसळतात. म्हणजे आपल्या गवताचा जो सुगीचा काळ, तोच त्यांचा सर्वांत कठीण काळ. मेमध्ये पेरलेल्या रोपाला मुळं धरायला जेमतेम सहा आठवडे मिळतात आणि लगेच उन्हाळा अंगावर येतो.

दुसरं म्हणजे तिकडे मृगच नाही. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तिकडे साधारण साडेअकराशे ते बाराशे मिलिमीटर, पण बारा महिन्यांत वाटून. जूनमध्ये काही वेगळं सुरू होत नाही. एवढी वर्षं आपण आकाशाकडे बघून पेरत आलो, तिकडे मातीत बोट घालून पेरायचं.

ऑगस्टअखेरीस तिथली माती उन्हाळाभर तापलेली असते, त्यामुळे बी लवकर रुजतं. रात्री मात्र थंड व्हायला लागतात, त्या कोवळ्या पात्यांना सुखाच्या. क्रॅबग्रासचं आयुष्य पहिल्या हिमकणांबरोबर संपणार असतं, त्यामुळे स्पर्धाही उरत नाही. शिवाय पुढचा उन्हाळा येण्याआधी रोपाला एक शरद आणि एक वसंत असे वाढीचे दोन हंगाम मिळतात. २० ऑगस्ट ते २० सप्टेंबर हा महिना धरा. गणपती बहुतेक वर्षी याच दिवसांत येतात, म्हणून मी सगळ्यांना ‘गणपतीत पेरा’ असं सांगते, लक्षात राहतं. अधिक महिन्यामुळे गणपती सप्टेंबरच्या मध्यावर गेले असतील तर मात्र त्यांची वाट बघू नका, आधीच पेरून मोकळे व्हा.

मग जूनमध्ये जाऊन करायचं काय? माती तपासा. हे काम मी सर्वांत वर ठेवते. रटगर्स विद्यापीठाची माती तपासणी प्रयोगशाळा घरगुती नमुने घेते. लॉनच्या आठ-दहा ठिकाणांहून चार-सहा इंच खोलीची माती घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि पाठवा. तुमच्या लेकीच्या भागात माती लालसर निघेल. ती बघून आपल्याला आपली लाल माती आठवते आणि हायसं वाटतं. माझ्या लेकाचं घरही त्याच पट्ट्यात आहे. पहिल्या दिवशी मी ओंजळभर माती उचलली, ओली केली आणि मुठीत दाबली. मूठ उघडली तर बोटांचे ठसे उठलेला घट्ट गोळा, तो फुटेचना. लाल खडक झिजून झालेली ती चिकण माती होती, त्यातून घर बांधताना वरचा चांगला थर खरवडून नेलेला आणि यंत्रांनी खालचा दाबून बसवलेला. अशा मातीत मुळं दोन इंचांवर अडतात.

आणखी एक गोष्ट आपल्या सवयीच्या अगदी उलट आहे. पुण्याच्या काळ्या मातीत चुनखडी असते, तिचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या आसपास जातो, म्हणून आपण बागेत चुना घालायचं नावही काढत नाही. तिकडे बारमाही पावसाने चुना धुपून जातो आणि माती आंबट होते. गवताला सामू ६ ते ७ हवा. अहवालात चुना सुचवला असेल तर निमूटपणे घाला, मात्र दळलेल्या चुनखडीचा, आपला विरी चुना नव्हे. किती, ते अहवालच सांगेल, अंदाजाने टाकू नका.

खताच्या बाबतीत तिथे २०११ पासून कायदा आहे. घरमालकांनी १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात लॉनला खत द्यायचं नाही. स्फुरद (फॉस्फरस) असलेलं खत नव्या पेरणीला किंवा माती तपासणीत कमतरता दिसली तरच चालतं. खताचं पाणी ओढ्यात आणि पुढे खाडीत जातं, तिथे शेवाळ माजतं, म्हणून हा नियम. मला तो फार पटला. मुळा-मुठेवरची जलपर्णी रोज बघणाऱ्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

बी घ्याल ते टॉल फेस्क्यूच्या सुधारित जातींचं घ्या, त्यात दहा टक्के केंटकी ब्लूग्रास असलं तर उत्तम. फेस्क्यूची मुळं खोल जातात, उन्हाळा तीच तारून नेतात. ब्लूग्रास जमिनीखालून पसरतं आणि मोकळ्या जागा भरून काढतं, पण रुजायला दोन ते चार आठवडे घेतं. फेस्क्यू एक ते दोन आठवड्यांत दिसतं. तुमच्या बाराशे चौरस फुटांना आठ ते नऊ पौंड, म्हणजे साधारण चार किलो बी पुरे. पिशवीच्या मागची चिठ्ठी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. तिच्यावर जातींची नावं, उगवणशक्तीचे टक्के, तणाच्या बियांचं प्रमाण आणि तपासणीची तारीख असते. वार्षिक रायग्रास जास्त असलेलं स्वस्त मिश्रण आठवड्यात हिरवं दिसतं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपतं. मेपलच्या दाट सावलीत फाइन फेस्क्यू वापरा, तिथे बाकीची गवतं विरळ होत जातात. आणि या वर्षी एप्रिलमध्ये पोतं टाकलं असेल तर त्यावरची मुदत वाचून घ्या, पेरणीच्या दिवशी ती उलटून गेलेली असली पाहिजे.

पेरणी अशी करा. आधी भाड्याने मिळणारं कोअर एरेटर यंत्र फिरवा. ते जमिनीतून बोटाएवढ्या मातीच्या नळ्या उपसून वर टाकतं, दाबलेल्या मातीला तोच उपाय. वर अर्धा इंच चाळलेलं कंपोस्ट पसरा. बियाचे दोन वाटे करा, एक पूर्व-पश्चिम फेका, दुसरा दक्षिण-उत्तर. मग दाताळ्याची पाठ हलकेच फिरवा. बी पाव इंचापेक्षा खोल जाता कामा नये. शेवटी पायाने नाहीतर रोलरने दाबा, बी मातीला चिकटलं पाहिजे. पहिले दोन-तीन आठवडे दिवसातून दोन-तीनदा हलका फवारा, फक्त वरचा थर ओला राहील इतकाच. कोंब दोन इंचांचे झाले की पाण्याच्या वेळा कमी करत न्या आणि दर वेळी पाणी जास्त द्या. ऑक्टोबरच्या अखेरीस पानगळ सुरू होते, तेव्हा पानांची चादर कोवळ्या गवतावर दोन दिवसही राहू देऊ नका. तुम्ही तोवर परतला असाल, म्हणून हे जावयांना आजच सांगून ठेवा.

आता ते तपकिरी गोल. हे मी फार जवळून पाहिलंय. पहिल्या उन्हाळ्यात मीही लेकाच्या अंगणात रोज संध्याकाळी पाणी देत होते. पुण्यात एप्रिलमध्ये आपण संध्याकाळीच देतो ना, ऊन उतरल्यावर. एका पहाटे सहाला मी चहाचा कप घेऊन बाहेर आले. रात्रभर उकडत होतं, दव जड पडलं होतं आणि गवताच्या एका गोलावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढुरका धागा पसरलेला. गुडघे टेकून पातं तोडलं, त्यावर फिकट तांबूस डाग आणि त्याला गडद किनार. नऊ वाजेपर्यंत ऊन आलं, धागा दिसेनासा झाला, राहिला तो फक्त तपकिरी गोल. ही बुरशी, तिकडे तिला ब्राउन पॅच म्हणतात. रात्रीचं तापमान वीस अंशांच्या वर आणि पातं दहा-बारा तास ओलं, एवढं तिला पुरतं. संध्याकाळचं पाणी म्हणजे तिला आमंत्रण. त्यात उन्हाळ्यात नत्राचं (नायट्रोजनचं) खत दिलं असेल तर आणखीच. मी पाणी पहाटे पाचवर नेलं, खत थांबवलं, आणि पुढच्या गोलांची संख्या आपोआप घटली. औषध मारायची गरज पडली नाही.

पाणी आठवड्याला पावसासकट एक इंच पुरतं. तुमच्या जागेला ते सुमारे २,८०० लिटर होतं, दोन वेळांत विभागून द्या. किती मुरलं हे बघायला लांब स्क्रू-ड्रायव्हर मातीत खुपसा. सहा इंच सहज गेला तर पाणी पोचलं. तीन इंचांवर अडला तर नाही पोचलं. एवढी सोपी परीक्षा दुसरी नाही.

कापणीबद्दल तर मी हात जोडून सांगते. आपली हरळी इंचभर कापली तर सुखावते, कारण तिचे धावते देठ जमिनीला चिकटून असतात. फेस्क्यू झुपक्याने उभं वाढतं. त्याला तीन ते चार इंच उंची ठेवा आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. वर जितकं पातं, तितकी खाली मुळं. उंच पात्याची सावली जमिनीवर पडते आणि क्रॅबग्रासचं बी उजेडाअभावी रुजत नाही. तुमची ती पट्टी बुरशीने जेवढी गेली, तेवढीच इंचभर कापणीनेही गेली. कापलेलं गवत तिथेच पडू द्या, तेच खत होतं. उंचीची उलट बाजूही बघा. पुष्कळ गावांत गवत ठरावीक उंचीपेक्षा वाढलं तर नगरपालिका नोटीस लावते, म्हणून पंधरा दिवस गावाला जाताना कुणाला तरी सांगून जा.

सप्टेंबरमध्ये लॉनचा एखादा भाग पिवळा पडला आणि हाताने ओढल्यावर सतरंजीसारखा उचलला गेला, तर खाली बघा. आपल्या ऊसवाल्यांच्या ओळखीची हुमणी दिसेल, पांढरी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली. जपानी भुंगेऱ्याची ही अळी. हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा १९१६ मध्ये सापडला तो न्यू जर्सीतच, रिव्हरटन गावाजवळ. जुलैमध्ये तो गुलाबाची पानं चाळणीसारखी करतो आणि अंडी मात्र गवतात घालतो. फूटभर चौकोनात दोन-चार अळ्या असल्या तर सोडून द्या, निरोगी गवत तेवढं सोसतं. दहाच्या पुढे गेल्या तर उपाय करा. पक्षी जमीन उकरताना दिसले तर तीही खूणच समजा.

प्रश्न : मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला आहे. त्याच्या अंगणात नुसती वाळू. पाणी घातलं तर ते थेंब होऊन घरंगळतं, आत जातच नाही. शिवाय पाण्यावर सरकारी बंधनं. तिथे हिरवळ होईल का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : होईल, आणि तुम्हाला ओळखीचीच होईल. पर्थचा उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, ऋतू आपल्या उलट. तिथलं ‘काउच’ म्हणून विकलं जाणारं गवत म्हणजे आपली हरळीच. किकुयू आणि बफेलो ही दुसरी दोन, बफेलोला थोडी सावली चालते. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा तिथला वसंत, तेव्हा लावा.

पाणी घरंगळतं कारण कुजलेल्या पाल्यातलं मेण वाळूच्या कणांवर बसतं. त्यासाठी वेटिंग एजंट नावाचं द्रावण मिळतं, ते मारा. पण खरा इलाज म्हणजे लावण्यापूर्वी कंपोस्ट आणि चिकण मातीची भुकटी वरच्या सहा इंचांत मिसळणं. हे एकदाच होतं, नंतर हिरवळ उकलून करता येत नाही, म्हणून खर्चाला कचरू नका. तुषार सिंचनाला आठवड्यात दोनच ठरलेले दिवस असतात, ते घराच्या क्रमांकावरून ठरतात, आणि १ जून ते ३१ ऑगस्ट ते पूर्ण बंद. नव्या लॉनला जास्त पाणी लागतं त्याची सवलत पाणीपुरवठा खात्याकडे आधी मागावी लागते. मुलाला सांगा, आधी अर्ज, मग गवत.

प्रश्न : सुनेकडे बोस्टनला यंदा पहिला गणपती बसणार आहे. तिच्या लॉनमध्ये दूर्वा नाहीत. इथून मुळांसकट जुडी बॅगेत घालून नेली तर लावता येईल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नेऊ नका, ताई. मुळं-माती असलेलं रोप किंवा बी परवाना, रोप निरोगी असल्याचं प्रमाणपत्र अशा सरकारी कागदपत्रांशिवाय अमेरिकेत नेता येत नाही. विमानतळावर काढून घेतात, जाहीर केलं नसेल तर दंडही होतो. आणि गरजही नाही. दूर्वा तिकडे बर्म्युडा ग्रास या नावाने मिळते, दक्षिणेकडच्या राज्यांत घरोघरी तिचंच लॉन असतं. बोस्टनच्या थंडीत ती जमिनीत टिकायची नाही, म्हणून सुनेला कुंडीत लावायला सांगा. बियाण्याची लहान पिशवी मागवली तरी पुरे, पण त्यावर औषधाचा रंगीत लेप नसलेलं बी घ्या, देवाला वाहायचं आहे.

पसरट कुंडी, तळाला भोकं, अर्धी माती अर्धं कंपोस्ट. मेअखेरीला रात्री उबदार झाल्या की बी भुरभुरायचं, चिमूटभर मातीने झाकायचं आणि कुंडी दक्षिणेच्या उन्हात ठेवायची. दोन आठवड्यांत कोंब येतील. जुलैत एकदा आणि चतुर्थीच्या तीन आठवडे आधी एकदा कात्रीने दोन इंचांवर छाटायचं. छाटलं की नवे शेंडे फुटतात, आणि आपल्याला तीन पानांची कोवळी दूर्वा हवी असते ती नव्या शेंड्यांनाच येते. एकवीसच्या जुड्या रोज दोन वेळा लागणार असतील तर एका कुंडीवर भागणार नाही, तीन लावायला सांगा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कुंड्या घरात, सर्वांत जास्त ऊन येणाऱ्या खिडकीत. हिवाळ्यात ती पिवळी पडेल, मेली समजून टाकू नये. पंधरवड्याने वाटीभर पाणी देत राहायचं, मेमध्ये बाहेर ठेवली की पुन्हा फुटेल.